नाशिक रोडचं रुंदीकरण: कुरुळी फाट्यावर सर्व्हिस रोड आधी होणार की टोल?

कुरुळीची मेस

नमस्कार मंडळी. मी पुणे–नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे, कुरुळी फाट्याजवळ मेस चालवते. बारा वर्षं झाली. सकाळचे साठ डबे, रात्रीचे चाळीस, शिवाय बसून जेवणारी पोरं. बहुतेक नांदेड, लातूर, बीडकडची, कंपनीत कंत्राटावर लागलेली. जागा सासऱ्यांच्या नावावर, रस्त्याला लागून दोन गाळे. एकात मेस, दुसरा पंक्चरवाल्याला भाड्याने.

गेल्या मंगळवारी तिघे जण आले. रस्त्याच्या मध्यापासून फीत धरली, वहीत आकडे लिहिले आणि जाताना आमच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून बाण काढला. विचारलं तर म्हणाले, "सर्व्हे आहे, नोटीस येईल तेव्हा कळेल." बाण भटारखान्याच्या मधोमध येतो. शेगड्या एका बाजूला, पिठाचे डबे दुसऱ्या बाजूला.

रस्ता नको असं माझं म्हणणं नाही, ते आधीच सांगते. भाजीसाठी मिस्टर पहाटे चारला मोशीच्या मार्केटला जातात, कारण उजाडल्यावर निघालं तर परत कधी येऊ ते सांगता येत नाही. डबे वेळेत पोचले नाहीत म्हणून दोन वर्षांत तीन गट सोडून गेले. रोज दारात बसून ही कोंडी आम्ही बघतोय, धूर खातोय. रस्ता व्हायलाच पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत रस्ता मंजूर केला, ७,८२७ कोटींचा, बीओटीवर, म्हणजे कंपनीने बांधून टोल घ्यायचा आणि मग परत द्यायचा. वरती एका खांबावर आठ पदर, खालचा आत्ताचा रस्ता चारपदरी-सहापदरी आणि दोन्ही अंगांना दोन-दोन पदरांचा सर्व्हिस रोड. वाचून बरं वाटलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर ते गप्प बसले. मग म्हणाले, "हाच रस्ता एकदा बीओटीवर चौपदरी झालाय. मोशीला नाका बसला, चांडोलीला बसला. लोकांनी वर्षानुवर्षं टोल भरला, मुदत संपली, नाके गेले. आपल्या दारातून पलीकडे जायची सोय काय झाली, सांग?" त्या वेळी अंगण आणि चिंचेचं झाड गेलं होतं. मी तेव्हा या घरात आले नव्हते.

पलीकडे जायचा विषय माझ्यासाठी साधा नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवणारा एक पोरगा दुसऱ्या पाळीहून सुटून रस्ता ओलांडत होता, दुभाजक तुटलाय तिथून. कंटेनर थांबला म्हणून तो पुढे झाला, कंटेनरच्या आडून पिकअप आली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता गावी असतो. एकवीस वर्षांचा आहे. त्या रात्री त्याचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं.

तर मला विचारायचंय ते असं. बीओटी म्हणजे रस्ता नक्की कुणाचा? सर्व्हिस रोड अर्धा राहिला तर जाब कुणाला विचारायचा, कंपनीला की सरकारला? सर्व्हिस रोड आणि खालून जायची वाट आधी करतात की सगळ्यात शेवटी? आणि भटारखाना गेला तर पैसे कोण ठरवतं? ज्यांनी हे भोगलंय किंवा या कामात आहेत त्यांनी कृपया सांगावं.


निवृत्त ओव्हरसियर, चिंचवड

ताई, मी एकतीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली. आधी सरकारी नोकरी, नंतर एका सल्लागाराकडे साइटवर. जे माहीत आहे ते लिहितो.

रस्ता सरकारचाच राहतो. कंपनी स्वतःचं थोडं भांडवल घालते, बाकी बँकांचं कर्ज काढते, रस्ता बांधते, करारातल्या मुदतीपर्यंत टोल घेते, त्यातूनच देखभाल करते आणि मुदत संपली की रस्ता परत देते. गाड्या कमी आल्या तर झळ कंपनीला. सगळी झळ नाही, कारण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नमुना करारात ठरलेल्या तारखेला वाहनं मोजतात आणि ती अंदाजापेक्षा कमी निघाली तर टोलची मुदत वाढते, जास्त निघाली तर घटते. हॅम नावाचा दुसरा प्रकार असतो, त्यात बांधकाम चालू असतानाच ४० टक्के रक्कम सरकार देतं आणि उरलेली पुढे वर्षानुवर्षं हप्त्यांनी. टोल तिथे सरकारकडे जातो. लोक दोन्ही एकच समजतात. तुमचा रस्ता बीओटीचा आहे, म्हणजे किलोमीटरला सुमारे २६१ कोटी घालणाऱ्या कंपनीचा आणि तिच्या बँकेचा सगळा जीव टोल कधी सुरू होतो यात अडकलेला असणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मुख्य पदर आणि नाका यातून पैसा येतो. सर्व्हिस रोड, गटार, खालची वाट यातून एक रुपयाही येत नाही. म्हणून आपण गप्प बसलो तर ती कामं मागे पडतात. कुणी वाईट आहे म्हणून नाही. दर महिन्याला व्याज भरणारा माणूस ज्यातून पैसा सुटतो तेच आधी करणार.

हे घडतं कसं ते सांगतो. सगळं काम होण्याची वाट न बघता कामावर देखरेख करणारा स्वतंत्र अभियंता तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देऊ शकतो. रस्ता वाहतुकीला सुरक्षित झाला की दाखला आणि राहिलेल्या कामांची एक यादी, तिला आम्ही पंच लिस्ट म्हणतो. नमुना करारात ही यादी ९० दिवसांत संपवायची असते. टोल मात्र त्या दाखल्यावर सुरू होतो. अशा याद्या मी माझ्या हाताने लिहिल्या आहेत. त्यात सर्व्हिस रोडचे तुकडे असायचे, गटारावरची झाकणं असायची, दिवे असायचे. काही याद्या ९० दिवसांत संपल्या, काही मी नोकरी सोडली तरी चालूच होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. जागा मोकळी करून देणं हे कंपनीचं काम नाही, सरकारचं. काम सुरू करायच्या तारखेला साधारण ८० टक्के जागा हातात द्यावी लागते. उरलेले २० टक्के कुठले असतात? माळरानाचे कधीच नसतात. ते फाट्यावरचे गाळे, देऊळ, वळणावरची विहीर, पाण्याची लाइन. सर्व्हिस रोड तिथेच तुटतो आणि माणसं रस्ता ओलांडतात तीही तिथेच.

तुम्ही करायचं एवढंच: करारातलं शेड्यूल बी माहितीच्या अधिकारात मागा. कुठल्या साखळीवर भुयारी मार्ग, कुठून कुठे सर्व्हिस रोड, सगळं त्यात असतं. कुरुळी फाट्याची साखळी त्यात नसेल तर नंतर मोर्चे काढून उपयोग नाही. करार झाल्यावर वाढवलेलं काम म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा मंजुरी, पुन्हा वर्षं.


कुरुळीची मेस

काका, खूप आभार. साखळी म्हणजे काय ते मिस्टरांना विचारावं लागलं. रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, बरोबर ना? आमच्या दारापासून चाकणच्या बाजूला किलोमीटरचा एक दगड आहे, अर्धा मातीत गेलेला.

एक सांगते. ज्या जागेवर पोरं रस्ता ओलांडतात तिथे कुठल्याही नकाशात फाटा नाही. फाटा पुढे आहे. पोरांच्या खोल्या आमच्या बाजूला, कंपनीच्या बस पलीकडच्या अंगाला थांबतात, म्हणून ते इथूनच जातात. मग त्या जागेला नंबर कोण देणार?


भोर तालुका

ताई, मी सातारा रस्त्यावरचा. आमचं गाव महामार्गाला चिकटून, शेतं दोन्ही बाजूंना. पुणे–सातारा १४० किलोमीटरचं सहापदरीकरण. ऑक्टोबर २०१० पासून टोल नव्या कराराखाली गेला आणि काम २०१३ मध्ये संपायचं होतं. त्या वेळच्या सहापदरीकरणाच्या करारात चौपदरी रस्ता आधीच तयार असल्याने काम चालू असतानाही टोल घ्यायची मुभा होती. म्हणजे काम लांबलं तरी नाका चालू. २०१३ गेलं, त्यानंतर किती पावसाळे गेले ते आम्हीच मोजलेत.

आमच्या गावाच्या तोंडाशी पूल होता. दोन्ही बाजूंचे भराव उभे राहिले आणि मधला गाळा तसाच राहिला. सगळी वाहतूक सर्व्हिस रोडवर वळवली. ऐका, हे महत्त्वाचं आहे: ज्या सर्व्हिस रोडवर गावाने चालायचं, तोच वर्षानुवर्षं महामार्ग झाला. ऊस भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, साताऱ्याची एसटी, शाळेची पोरं, सगळे त्या दोन पदरांत. आमची आई त्याच सर्व्हिस रोडवर दूध घालायला जायची. दोनदा पडली. दुसऱ्यांदा खुबा गेला, तेव्हापासून तिने गोठाच बंद केला. म्हशी विकल्या त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

म्हणून सर्व्हिस रोड आहे का एवढंच विचारू नका. काम चालू असताना वाहतूक कुठून वळवणार तेही विचारा. खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहणार, म्हणजे मधले पदर पत्र्याने बंद होणार. तुमच्या दारातली कोंडी काम संपेपर्यंत आणखी वाढणार आणि ती सगळी तुमच्या बाजूच्या मातीवर येणार. पत्र्याच्या आतल्या बाजूला दिवे असतात, बाहेर अंधार. पोरांना सांगून ठेवा.


कंपनी बस, भोसरी

मी ड्रायव्हर आहे. बारा वर्षं भोसरी ते चाकण, तीन पाळ्या. ताईंच्या मेसमध्ये जेवलोही असेन.

सगळे अडचणीच सांगताहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो. सातची पाळी असेल तर मी पाचला बस काढतो. तरी आठवड्यात दोन दिवस उशीर होतोच, आणि उशीर झाला की पगार माझा नाही कापत, मागे बसलेल्या पोरांचा कापतात. इंद्रायणीच्या पुलापासून गाडी मुंगीसारखी सरकते. आळंदी फाट्यापाशी कंटेनर वळायला लागला की दोन्ही बाजू बंद. तळेगाव चौक, आंबेठाण चौक, तिथलं तर सगळ्यांना माहीत आहे. नाशिकला जाणारा ट्रक आणि चिंबळीहून भोसरीला निघालेला स्कूटरवाला एकाच पदरात आहेत. हे वेगळे केल्याशिवाय काही सुधारणार नाही, आणि वेगळे करायचे तर एकाला वर जावंच लागेल.

मागच्या पावसाळ्यात माझ्या बसच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्स होती. पंधरा मिनिटं सायरन वाजत होता. मला बाजूला घ्यायला जागा नव्हती, डावीकडे चिखल आणि त्यात रुतलेला टेंपो. आरशात त्या ड्रायव्हरचं तोंड दिसत होतं. तो हात जोडत होता. मी काय करणार होतो? तेव्हापासून मला हा रस्ता पाहिजेच आहे, कुणी का बांधेना. सरकारकडे एकदम एवढा पैसा नसेल तर कंपनीने घालावा, टोल भरू.

खेड ते सिन्नरचं मात्र मीही बघितलंय. सुट्टीत संगमनेरला जायचो. चौपदरी झाला, चाळकवाडीला टोल सुरू झाला, आणि खेड घाट, मंचर, नारायणगाव इथे पुन्हा गावातून कोंडीतून जायचं. ते बायपास नंतर वेगळ्या कामात झाले. झाल्यावर मात्र खेडचा घाट कधी मागे पडला कळतसुद्धा नाही. रस्ता झाला की आयुष्य बदलतं, एवढं खरं.


कुरुळीची मेस

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, मनापासून पटतं. अ‍ॅम्ब्युलन्सचं वाचून हात थांबला. आमच्या त्या पोराला दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळाली, पण भोसरीला पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले लवकर आणलं असतं तर बघता आलं असतं. म्हणजे रस्ता ओलांडायला वाट नाही म्हणून तो पडला आणि रस्ता रुंद नाही म्हणून पाय गेला. दोन्ही एकाच रात्री. मला यातलं एक निवडायचं नाही.

भटारखाना द्यायला मी तयार आहे. घरात परवा बोलणं झालं. शेगड्या मागच्या खोलीत नेऊ. पण भिंत पाडली त्या जागी सर्व्हिस रोड झाला पाहिजे. पाच वर्षं खडी पडून राहिली आणि वरून गाड्या भुर्रकन जाताहेत, असं नको.


खेड, टायपिंग सेंटर

ताई, मी राजगुरुनगरला कचेरीजवळ अर्ज टाइप करून देतो. वकील नाही, पण भूसंपादनाचे कागद रोज हाताखालून जातात.

भिंतीवरच्या बाणाला कायद्यात किंमत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यात आधी कलम ३ए ची अधिसूचना राजपत्रात निघते, दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. गट नंबर आणि क्षेत्र त्यात असतं. राजपत्रात निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची. नोटीस हातात येईल म्हणून थांबू नका, दिवस राजपत्रापासून मोजतात. मग ३डी निघाली की जमीन सरकारची होते. ३ए नंतर वर्षाच्या आत ३डी निघाली नाही तर पहिली अधिसूचना गळून पडते. मग ३जी खाली मोबदल्याचा निवाडा. पैसे जमा झाल्यावर ताबा द्यायला ६० दिवसांची नोटीस. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले मोबदल्याचे नियम महामार्गालाही १ जानेवारी २०१५ पासून लागू आहेत. त्यात बाजारभावावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. हे सगळं सरकारी अधिकारी ठरवतो, टोलवाल्या कंपनीचा त्यात हात नाही.

आता तुमच्या लिहिण्यात मला एक गोष्ट खटकली. पहिल्या रुंदीकरणात अंगण गेलं म्हणता. तेव्हाचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे गेलेलं क्षेत्र नोंदीतून कमी करणारा कागद, झालं होतं का? सातबारा आजच काढा. क्षेत्र कमी झालेलं नसेल तर कागदावर जमीन तुमची आणि जागेवर सरकारची, असा घोळ असतो. मी अशी पन्नास तरी घरं बघितली आहेत. मग निवाड्याच्या वेळी सांगतात, हा भाग आमचाच आहे, याचे पैसे नाहीत. आणि भटारखाना त्या भागात निघाला तर बांधकामाचाही वाद. भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरून ठेवा, तारीख मिळायला वेळ लागतो.

मेसचा शॉप अ‍ॅक्ट, अन्न परवाना, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सगळ्याच्या प्रती एका फायलीत. पंक्चरवाल्यालाही सांगा, भाडेकरूलाही हितसंबंधित म्हणून म्हणणं मांडता येतं.

रस्ता ओलांडण्याचा विषय या हरकतीत घालू नका. ती हरकत फक्त जमिनीच्या हक्कदाराची. भुयारी मार्गाची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने पाठवा, प्रकल्प संचालक आणि जिल्हाधिकारी दोघांना. पोच घ्या.


मोशीकर

मध्येच विचारतो. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास आहे, वर्ष किंवा २०० फेऱ्या. तो चालेल ना इथे? आणि स्थानिकांना सूट?


निवृत्त ओव्हरसियर, चिंचवड

पास खासगी मोटार, जीप, व्हॅनला आणि राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर. ताईंच्या मिस्टरांचा डब्यांचा टेंपो पिवळ्या पाटीचा असेल तर त्याला नाही. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही.

पुलाच्या रस्त्याचा टोल जास्त का असतो ते लोकांना सांगितलं जात नाही, म्हणून लिहितो. २००८ च्या नियमात पुलाची लांबी दहापट धरतात. ३० किलोमीटर सगळंच खांबावर असेल तर हिशेब ३०० किलोमीटरचा. जुलै २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. अशा ठिकाणी पुलाची दहापट किंवा पूर्ण पट्ट्याची पाचपट, यातलं कमी असेल ते धरायचं. म्हणजे १५०. निम्मा झाला, तरी १५० आहे.

स्थानिकांचा मासिक पास नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला, बिगरव्यावसायिक गाडीला. जिल्ह्यातल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दर. पण दोन्हीकडे एक अट आहे: वापरायला सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर ही सूट नाही. नियमाची भूमिका अशी की तुम्हाला खालून जायला रस्ता दिलाय. म्हणूनच म्हणतो, तो रस्ता खरोखर अखंड असला पाहिजे. कागदावर आहे म्हणून सूट गेली आणि जागेवर गटारापाशी तुटलाय म्हणून जाताही येत नाही, असं झालं तर दोन्हीकडून नुकसान.

ताई, त्या जागेला नंबर कोण देणार, असं विचारलंत. तुम्हीच द्यायचा. नकाशावर फाटा नसेल तर मोजणी दाखवा. पादचाऱ्यांची सोय कुठे करायची हे ठरवताना आम्ही तासाला किती माणसं ओलांडतात आणि तासाला किती वाहनं जातात, हे दोन आकडे घ्यायचो. पाळी सुटायच्या वेळा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत. तास धरून मोजा, तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. दगडापासून अंतर मोजा, साखळी लिहा. ठरावासोबत तो कागद जोडा. कार्यालयात बसलेल्या माणसाला तुमचा राग बाजूला ठेवता येतो, आकडा बाजूला ठेवायला त्याला कारण लिहावं लागतं.


कुरुळीची मेस

उशिरा लिहितेय, माफ करा. आठवडा धावपळीत गेला.

आधी सातबाऱ्याचं. टायपिंगवाल्या दादांची शंका खरी निघाली. क्षेत्र जुनंच आहे, अंगण अजून आमच्या नावावर दिसतंय. सासऱ्यांनी पेटी उघडली, त्यात तेव्हाच्या पैशांची पावती मिळाली, पत्रकाचा कागद नाही. भटारखान्याचा किती भाग आमचा ते आता मोजणीनंतरच कळेल. पैसे भरले, दीड महिन्यानंतरची तारीख दिलीय. सासरे दोन दिवस बोलत नव्हते. आपण सरकारच्या जागेवर भिंत घातली की काय, याचंच त्यांना लागलंय. माणूस तसा आहे. मी म्हटलं, निघालं तर निघालं, तेवढ्याचे पैसे मागायचे नाहीत. पण मोजून निघू दे.

मोजणी केली. मुलगी नववीत आहे, तिच्या वहीत उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी. सकाळी सहा ते सात, ३१८ माणसं. दुपारी साडेतीन ते साडेचार, २६१. रात्री साडेअकरा ते साडेबारा, ९६. रात्रीच्या तासाला मी आणि मिस्टर दोघंच बसलो, तिला झोपवलं. एवढी वर्षं इथे आहे, पण असं एका जागी बसून कधी बघितलं नव्हतं. माणसं घोळक्याने थांबतात, कुणीतरी एक जण हात वर करतो आणि सगळे पळतात. दुभाजकावर पाय ठेवून पुन्हा थांबतात. तिथे दोन फूटसुद्धा जागा नाही. एक बाई होती, पोटुशी, तिला दोन पोरांनी दंडाला धरून पलीकडे नेलं. वाहनं मोजायला दोघांना जमेना म्हणून पंक्चरवाला बसला. त्याने सकाळच्या तासाला फक्त जड गाड्या मोजल्या, बाकीच्यांचा हिशेब हाताबाहेर गेला. ते पुन्हा करू. बसवाले दादा, सुट्टी असेल तर या, जेवण आमच्याकडे.

ग्रामसभेत विषय घेतलाय. आधी सरपंचांना वाटलं मी माझ्या गाळ्यासाठी आलेय. वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावला. ठरावात तीन गोष्टी टाकल्या. आमच्या जागेवर भुयारी मार्ग. काम चालू असताना पत्र्याबाहेर दिवे आणि चालायला वेगळी पट्टी, हे भोरच्या दादांमुळे सुचलं. आणि सर्व्हिस रोड अखंड झाल्याशिवाय तात्पुरता दाखला देऊ नये, हे काकांचं. तिसरी ऐकणार नाहीत असं एक जण म्हणाला. तरी लिहिलीच.

नक्की कुठली जागा मागायची यावर घरात एकमत होईना. दुभाजक तीन ठिकाणी तुटलाय. शेवटी नांदेडला त्या पोराला फोन लावला. मला वाटत होतं विचारू नये, पण त्यानेच सगळं शांतपणे सांगितलं. विजेच्या खांबापासून पुण्याच्या बाजूची दुसरी फट. सासरे काठी घेऊन गेले, मिस्टरांनी किलोमीटरच्या दगडाभोवतीची माती उकरून आकडा वाचला आणि तिथून फीत धरली. अर्जात तीच साखळी घातली आहे.